चोर सोडून संन्याशाला

(नाशिकमध्ये एका ज्येष्ठ वकील बाईंनी उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. सीबीएस बसस्थानकासमोरच्या आपल्या जिल्हा न्यायालयात मी चौतीस वर्षं वकिली करते आहे. सुरुवातीची काही वर्षं सरकारी वकिलांच्या हाताखाली काढली, नंतर बचावाच्या बाजूला आले. या एवढ्या वर्षांत लग्नात, बारशाला, दवाखान्याच्या बाकावर, भाजी घेताना, जिथे म्हणून लोकांना माझा पेशा कळला तिथे मला एक प्रश्न हमखास विचारला गेला. "त्यानंच केलंय हे सगळ्यांना माहीत असताना कोर्ट त्याला सोडतं कसं?"

या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडितानं हे लिहिलं, तेव्हा आकडा दहा होता. आपल्यापर्यंत येता येता दहाचे शंभर झाले. मी स्वतः हे वाक्य कोर्टात कितीदा म्हटलं असेल. पण ज्या घरातलं माणूस मारलं गेलंय, त्या घरात बसून हे वाक्य म्हणून पाहा. जीभ रेटत नाही. शंभर सुटले तरी चालतील? कुणाला चालतील? त्या आईला का चालावं?

या वाक्यात एक सौदा आहे. एका पारड्यात आरोपी, दुसऱ्या पारड्यात ज्याचं नुकसान झालं तो, आणि कायदा आरोपीचं पारडं दाबतो आहे, असं चित्र उभं राहतं. माझ्या मते ते चित्रच चुकीचं आहे. त्यापेक्षा आपल्या आजीच्या तोंडची म्हण घ्या. चोर सोडून संन्याशाला सुळी. नाशिकच्या माणसाला संन्यासी काय सांगायचा, दर बारा वर्षांनी आपल्या गावात त्यांचीच वस्ती असते. पण म्हणीतले पहिले दोन शब्द आपण घाईत गिळून टाकतो. चोर सोडून. म्हणीत सौदा नाही. संन्याशाला सुळावर चढवलं की चोर धरला गेला, असं म्हण सांगत नाही. ती सांगते की दोन्ही एकदमच होतं. संन्यासी चढला त्याच क्षणी चोराचा शोध थांबला. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे की फौजदारी कायद्यातला पुराव्याचा कडक निकष हा आरोपीवर केलेला उपकार नाही. तो फिर्यादीच्याही कामाचा आहे.

आधी निकष म्हणजे काय ते पाहू. दिवाणी दाव्यात, म्हणजे जमिनीच्या, उधारीच्या भांडणात, न्यायाधीश पाहतात की कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय आहे. पारडं थोडं जरी एका बाजूला झुकलं तरी निकाल देता येतो. फौजदारीत तसं चालत नाही. तिथे सरकार पक्षाला गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करावा लागतो. आणि ही जबाबदारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकार पक्षाच्याच खांद्यावर राहते. आरोपीनं तोंड उघडलं नाही, एकही साक्षीदार आणला नाही, तरी चालतं.

आज हे आपल्याला सरळ वाटतं, पण ते इतकं सरळ कधीच नव्हतं. 1934 च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये वुलमिंग्टन नावाचा एकवीस वर्षांचा शेतमजूर बायकोच्या खुनाच्या आरोपात सापडला. बायको भांडून माहेरी गेली होती. हा बंदूक घेऊन तिच्याकडे गेला. त्याचं म्हणणं असं, की तू आली नाहीस तर मी माझाच जीव घेईन, एवढं तिला दाखवायचं होतं, आणि तेवढ्यात बंदूक उडाली. खटल्यातल्या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की याच्या हातून मरण आलं हे सिद्ध झालंय, आता तो अपघात होता हे यानं पटवून द्यायचं. फाशीची शिक्षा झाली. 1935 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ती रद्द केली. लॉर्ड सँकी यांनी त्या निकालात म्हटलं की इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या सगळ्या विणीतून एक सोनेरी धागा दिसतो, आणि तो म्हणजे आरोपीचा अपराध सिद्ध करण्याचं सरकार पक्षाचं कर्तव्य. पैठणीच्या महाराष्ट्रात जरीचा धागा म्हणजे काय हे मी समजावून सांगायला नको. तो ओढून काढला तर काठच उरत नाही.

आपल्याकडे पुराव्याचा कायदा त्याच्याही आधीचा, 1872 चा. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली, पण या बाबतीत गाभा तोच आहे. लोकांना सांगितलं की नवल वाटतं, पण एखादी गोष्ट शाबीत झाली असं कधी म्हणायचं याची जी व्याख्या कायद्यात आहे, तिच्यात वाजवी संशय हे शब्दच नाहीत. ती व्याख्या सुज्ञ माणसाबद्दल बोलते. समोर आलेलं सगळं पाहून सुज्ञ माणूस ती गोष्ट खरी मानून पाऊल उचलेल, इतकी ती संभवनीय वाटली पाहिजे. वाजवी संशयाची कसोटी न्यायालयांनी त्यावर घडवली.

हा सुज्ञ माणूस कोण? तुम्हीच. दिंडोरीला किंवा निफाडला तुम्ही एकरभर जमीन घ्यायला निघालात, असं समजा. आयुष्याची पुंजी लावायची आहे. तुम्ही सातबारा काढता, फेरफार पाहता, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेता. सगळं ठीक आहे. मग लक्षात येतं की वाटपाच्या कागदावर तिन्ही भावांच्या सह्या आहेत, बहिणीची नाही. हक्कसोडपत्रही नाही. तुम्ही थांबता की नाही? थांबता. दलाल म्हणतो, "अहो, ती कधीच काही मागणार नाही, सासरी सुखात आहे." तरी थांबता. हा झाला वाजवी संशय. त्याला कागदात जागा आहे, त्याचं कारण बोटानं दाखवता येतं. आता दुसरा माणूस म्हणतो, "सगळे कागद ठीक आहेत, पण पन्नास वर्षांनी कुणी अज्ञात वारस उगवला तर?" त्याला आपण सांगतो, मग जन्मभर भाड्याच्या घरात राहा. तो संशय नव्हे, ती भीती. कोर्ट पहिल्या प्रकारच्या शंकेला मान देतं, दुसऱ्या प्रकारच्या नाही. 1973 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे फार स्पष्ट सांगितलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं होतं की संशयाच्या फायद्याचं वेड लागल्यासारखं प्रत्येक पुसट शंकेवर गुन्हेगार सोडत बसलात, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. त्याच निकालात त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. एखादी गोष्ट असू शकेल आणि ती असलीच पाहिजे, या दोहोंत मनाला फार लांबचं अंतर कापावं लागतं.

मला हे मराठीत जास्त नेमकं वाटतं. असेल, असावा, असणारच, आहे. एकाच क्रियापदाची चार रूपं. गावात पारावर बोलणं होतं ते असेलमध्ये. पोलीस तपास सुरू करतात ते असावामध्ये, आणि त्यात गैर काही नाही, संशयाशिवाय तपास सुरूच कसा होईल? दोषारोपपत्र येतं तेव्हा ते असणारचपर्यंत पोचलेलं असतं. पण शिक्षा द्यायला 'आहे' लागतं. आणि कितीही 'असेल' एकावर एक रचले तरी त्यांचा 'आहे' होत नाही. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल, सगळी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल, तर साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सिद्ध व्हावी लागते, आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीखेरीज दुसऱ्या कुणाकडेही बोट जाता कामा नये. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्यातल्या एका खटल्यात याची पाच तत्त्वं सांगितली. आम्ही वकील त्यांना पंचशील म्हणतो, खुद्द निकालातच तो शब्द आहे.

आता कबुलीबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण वर्तमानपत्रात सगळ्यांत जास्त फसवणारी ओळ हीच असते. "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले." वाचणाऱ्याच्या दृष्टीनं खटला तिथेच संपला. कोर्टाच्या दृष्टीनं तो अजून सुरूही झालेला नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली सर्वसाधारण कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. 1872 च्या कायद्यात, इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्याच पोलिसांबद्दल इंग्रजांनीच हा नियम लिहिला. त्यांना ठाऊक होतं की कोठडीत माणूस काहीही कबूल करतो. कोठडीतल्या माणसाची कबुली ग्राह्य धरायची तर ती दंडाधिकाऱ्यापुढे द्यावी लागते. आणि दंडाधिकाऱ्यानं आधी त्याला सांगावं लागतं की कबुली देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. कोठडीतल्या बोलण्याचा एक तुकडा मात्र चालतो. आरोपीनं सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली, तर जेवढ्या बोलण्यामुळे ती सापडली तेवढंच. "मी कोयत्यानं त्याला मारलं आणि कोयता विहिरीजवळ पुरला" या वाक्यातला दुसरा अर्धा भाग ग्राह्य, पहिला अर्धा नाही. नव्या वकिलांना हे एक वाक्य कापायला शिकवता शिकवता वर्ष जातं.

म्हणून पकडलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करून त्याच्या तोंडून कायद्याचा जयजयकार वदवून घेतलेले व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो. आपल्या जिल्ह्यातलेही असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. लोकांना ते आवडले, हे मला माहीत आहे. का आवडले तेही माहीत आहे. रात्री गल्लीत कोयते नाचवणाऱ्या पोरांची ज्यांना धास्ती होती त्यांना बरं वाटलं. तुमची धास्ती खरी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण त्या रांगेत उभा असलेला एक जरी चुकीचा असेल, तर ज्या साक्षीदारानं नंतर कोर्टात त्याला ओळखायचं आहे, त्यानं त्याचा चेहरा आधीच मोबाइलवर पन्नास वेळा पाहिलेला असतो. त्या ओळखीला मग काय अर्थ उरला? आणि तो खरा गुन्हेगार असेल तर बचावाच्या वकिलाच्या हाती तुम्ही आयतं कोलीत दिलंत.

ओळखीवरून मला माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीचा एक खटला आठवतो. मी तेव्हा सरकारी वकिलांच्या हाताखाली होते. सिन्नरच्या बाजूला रात्री एका भाजीच्या व्यापाऱ्याला मोटारसायकलवरून खाली ओढून लुटलं होतं. साधा, सरळ माणूस. महिन्याभरात एक पोरगा पकडला गेला. तुरुंगात ओळख परेड झाली. परेड नायब तहसीलदारांनी घेतली. सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, आणि एक आरोपी, ओळीनं उभे. व्यापारी आत आला, एकदाच नजर फिरवली आणि त्या पोरावर बोट ठेवलं. पंचनाम्यात सगळं व्यवस्थित होतं. डमींची नावं, वयं, उंची. मला वाटलं, झालं, लागला खटला.

उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी नायब तहसीलदारांना एकच गोष्ट विचारली. डमींची दाढी केलेली होती का? ते प्रामाणिक गृहस्थ होते. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "होय. डमी बाहेरून आणले होते, सगळ्यांच्या दाढ्या केलेल्या होत्या." आणि आरोपीची? "वाढलेली होती." लुटणाऱ्याला दाढी नव्हती, असं तर व्यापाऱ्यानं पहिल्याच जबाबात सांगितलं होतं.

दुपारच्या सुट्टीत तो व्यापारी व्हरांड्यात भेटला. मी जरा चिडूनच विचारलं, तुम्ही नक्की कशावरून ओळखलंत त्याला? तो म्हणाला, "मॅडम, बाकीचे कंटाळलेले होते. एक जण तर जांभई देत होता. हा एकटाच थरथरत होता."

तो खोटं बोलला नव्हता. कुणीही खोटं बोललं नव्हतं. पोलीस, नायब तहसीलदार, व्यापारी, मी, सगळे आपापल्या जागी प्रामाणिक होतो. आणि सगळ्यांनी मिळून सातांतला जो घाबरलेला होता तो निवडला होता. पोरगा सुटला. आणि इतक्या वर्षांनंतरही मला बोचतं ते पुढचं. ज्या महिन्यात खऱ्या चोरांचा माग लागला असता, पैसे अजून खर्च झाले नसते, त्या महिन्यात कुणी शोधच घेतला नाही, कारण आरोपी मिळालेला होता. त्या व्यापाऱ्याचे पैसे परत आले नाहीत. निकालाच्या दिवशी त्यानं मला विचारलं, "मग मला लुटलं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संशयाचा फायदा हा शब्दप्रयोगही मला म्हणून सलतो. फायदा म्हटलं की आरोपीला काहीतरी जादा मिळालं, असं ऐकू येतं. वस्तुतः संशय हे तपासातलं भोक आहे. कोर्ट ते पाडत नाही, फक्त दाखवतं.

आता नाशिकचाच एक खटला. यात मी वकील नव्हते. जे सांगते ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. 5 जून 2003 ची रात्र. नाशिक रोडजवळच्या एका गावात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडेखोर तुटून पडले. पाच जणांचा खून झाला. बायकांवर अत्याचार झाले. घरातली एक बाई आणि तिचा मुलगा जखमी होऊन वाचले. सगळा जिल्हा हादरला होता, मला ते दिवस आठवतात. पुढे भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. ओळख परेडमध्ये ओळखले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांचीही जन्मठेप काढून पुन्हा फाशीच दिली. सहाच्या सहा जण फाशीच्या यार्डात.

त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे 2012 मध्ये निष्पन्न झालं. तोवर तो फाशीचा कैदी म्हणून कोठडीत होता.

नंतर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवलं की फाशीच्या प्रकरणातल्या फेरविचार अर्जाची सुनावणी खुल्या कोर्टात झाली पाहिजे, नुसती न्यायाधीशांच्या दालनात कागद फिरवून नाही. त्या एका कार्यपद्धतीच्या बदलामुळे या खटल्याचे कागद पुन्हा उघडले. आणि त्यांत काय होतं? घटनेनंतर लगेचच, आठवण ताजी असताना, वाचलेल्या त्या बाईला पोलिसांनी आपल्या दप्तरातले गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिनं चार जणांवर बोट ठेवलं होतं. ते चार वेगळे होते, या सहा जणांपैकी एकही नाही. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांचा तपास झाला नाही. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितली, आणि त्या चौघांचा तपास करायला सांगितलं. सोळा वर्षांनी.

2009 आणि 2019 च्या दरम्यान पुराव्याच्या या निकषातला एक शब्दही बदलला नव्हता. निकष तोच, वाजवी संशयापलीकडे. जबाब तेच. मग बदललं काय? मी हे दोन्ही निकाल कितीदा वाचले. 2009 चा निकाल वाचताना गुन्ह्याची भीषणता पानापानावर अंगावर येते, आणि ती खरीच होती. पण गुन्हा किती भयंकर, या प्रश्नाचं उत्तर कितीही मोठं असलं तरी तो कुणी केला, या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही. उलट गुन्हा जितका भयंकर तितकी कुणाला तरी लटकवण्याची घाई जास्त, आणि घाईत हाताशी कोण सापडतं? ज्याला वकील परवडत नाही, ज्याच्या जमातीवर इंग्रजांच्या काळापासून गुन्हेगार असा शिक्का बसलेला आहे, ज्याच्यासाठी पालावरून कोर्टापर्यंत यायला कुणी नाही, तो. निर्दोषत्वाचं गृहीतक खरं तर त्याच्यासाठी आहे. पैसेवाल्याचं सगळे गृहीत धरतातच.

मालेगाव आपल्याच जिल्ह्यातलं. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तिथे स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. जे आधी पकडले गेले त्यांना विशेष न्यायालयानं 2016 मध्ये आरोपमुक्त केलं. 29 सप्टेंबर 2008 रोजी त्याच गावात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्यातल्या सातही आरोपींना विशेष न्यायालयानं 31 जुलै 2025 रोजी निर्दोष सोडलं, संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही असं म्हणून. दोन्ही निकालांच्या दिवशी मी लोकांचं बोलणं ऐकलं. पहिल्या निकालाला न्याय म्हणणारे दुसऱ्याला अन्याय म्हणत होते, आणि दुसऱ्याला न्याय म्हणणारे पहिल्याबद्दल गप्प होते. कोण सुटलं यावर आपण निकष ठरवतो. आणि दोन्ही वेळी, गेलेल्या माणसांच्या घरी कुणी जाऊन विचारलं का, की मग केलं कुणी?

अपवाद थोडक्यात सांगते, नाहीतर कुणी वकील उठून म्हणेल की बाईंनी अर्धीच गोष्ट सांगितली. हुंडाबळी, अमली पदार्थ, मुलांवरचे लैंगिक गुन्हे, न वटलेले चेक, अशा काही बाबतींत कायदा आरोपीविरुद्ध गृहीत धरतो आणि खुलासा त्याच्याकडे मागतो. तरी पायाभूत गोष्टी आधी सरकार पक्षानंच सिद्ध करायच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये अमली पदार्थांच्या एका खटल्यात सांगितलं आहे. आणि आणखी एक, जो कायद्यात अपवाद नाही पण व्यवहारात नियमच झालाय. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत साधारण 5 लाख 73 हजार कैदी होते. त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. चारातले तीन. कायद्यानं निर्दोष, आणि गजाआड. नाशिक रोडच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या दिवशी पिशव्या घेऊन बसलेल्या बायका पाहा. त्यांच्या दृष्टीनं शिक्षा निकालाआधीच सुरू झालेली असते.

मघाशी एका आजोबांनी चिठ्ठी पाठवली आहे. "पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर काय करावं? आम्ही टाळतो." आजोबा, टाळू नका. जा. आपण टाळतो म्हणून मग ठाण्याजवळच्या टपरीवरचे तेच ते दोघं प्रत्येक पंचनाम्यात पंच असतात, आणि उलटतपासणीत पाच मिनिटांत उघडे पडतात. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यालाच सही करा. मजकूर पूर्ण वाचा. वस्तू तुमच्यासमोर पुडक्यात बांधू द्या, लाखेचं सील तुमच्यासमोर लावू द्या, लेबलवर सही करा. वेळ तुमच्या घड्याळात बघा. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक झालंय, ते चालू आहे का पाहा.

ओझरच्या बाजूचे एक शिंपी काका होते. एका खुनाच्या प्रकरणात जप्तीला पंच होते. पंचनाम्यात लिहिलं होतं की पिशवीत रक्ताळलेला कोयता मिळाला. काकांनी सही केली, पण सहीच्या वर समासात, बॉलपेननं, बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. "मी पिशवी पाहिली. आत काय होते ते मला दाखवले नाही." तपास अधिकारीही भला माणूस निघाला. त्यानं तो कागद फाडला नाही, नवा केला नाही. तसाच दोषारोपपत्राला जोडला, आणि पिशवी कुठून आली याचा पुन्हा पहिल्यापासून तपास केला. तीन आठवड्यांनी अटक झाली ती दुसऱ्याच माणसाला, आणि त्याला शिक्षा लागली. अपिलातही टिकली.